यवन ओळखणारा हुत्रारा

हुत्राराला माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे. बावीस वर्षे आम्ही पारसिकांच्या राजनगरीत, पार्सात, एकाच गल्लीत राहिलो, भिंतीला भिंत लागून. तरीही मी नवी टोपी घातली की रस्त्यात तो माझ्याकडे परक्यासारखा बघायचा. मग नजर माझ्या जोड्यांवर गेली की म्हणायचा, "अरे, गुरुजी तुम्ही होय!" टोपी, जोडे, कमरेचा पट्टा, केसांची गाठ, अंगरख्याची शिवण हे मात्र एकदा पाहिले की तो आयुष्यभर विसरत नसे.

त्याचे पोट याच डोळ्यांवर चालत होते. राजाच्या बांधकामावर तीस मुलखांची माणसे येत. कोठाराच्या दारात हुत्रारा काठी टेकून उभा असायचा आणि आलेला माणूस कुठल्या जमातीचा ते सांगायचा. कारकून ते मातीच्या पाटीवर लिही, आणि हुत्रारा खाली आपला लाटण्यासारखा गोल शिक्का फिरवी. त्यावरून माणसाची टोळी ठरायची, मुकादम ठरायचा, झोपायची जागा ठरायची. एकमेकांचे शत्रू एका छपराखाली येऊ नयेत, याची काळजी त्या एका शिक्क्यात होती. सोळा वर्षांत त्याचे एकदाही चुकले नव्हते. हे तो स्वतः सांगत नसे. त्याची बायको नपिरा सांगायची, आणि तेही तो घरातली वस्तू शोधत असला की. "तीस मुलखांच्या टोप्या पाठ आहेत, पण स्वतःची कुठं ठेवली ते आठवत नाही!"

सगळ्यांत अवघड काम पश्चिमेच्या समुद्राकडून येणाऱ्या यवनांचे. नवे कारकून त्याच्यापुढे आले की तो चार बोटे वर करायचा.

"यवन म्हणून लिहिलंत की काम संपलं असं समजू नका. कुठला यवन? कोरड्या जमिनीवरचा, समुद्राकाठचा, समुद्रापलीकडचा, की टोपीवाला? टोपीवाला सोपा. डोक्यावर पातेल्याचं झाकण ठेवल्यासारखं दिसलं की डोळे मिटून लिहा. बाकीच्या तिघांसाठी डोळे उघडे ठेवा."

खुद्द यवनांना ही वाटणी पटत नसे. दगडकाम करणारा लाम्पोन, समुद्राकाठच्या तेओस गावचा, दर वेळी भांडायला यायचा. "काका, मी यवन, ठीक आहे. पण ते टोपीवाले कुठून यवन झाले? मेंढ्यांच्या कुशीत झोपणारे लोक ते. त्यांची भाषा ऐकलीत का? तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखी."

"त्यांना तुझी भाषा बकरीसारखी वाटते," हुत्रारा शांतपणे म्हणायचा. "आणि मला तुम्हा दोघांचीही सारखीच वाटते. चल, दगड वाट बघतोय."

या सगळ्या शहाणपणात एक भोक होते, आणि ते आम्हा कुणाच्या ध्यानात आले नव्हते. जमाती आम्ही टोपीवरून ओळखत होतो, आणि बायकांच्या डोक्यावर टोपी नसते. म्हणून विणकामघरातल्या बायकांच्या पाट्यांवर नुसते 'यवन' एवढेच लिहायची पद्धत पडली होती. कुठली यवन, ते कुणी विचारत नसे. विचारण्याची गरजही पडली नाही, ते बंडाचे वर्ष येईपर्यंत.

त्या वर्षी समुद्राकाठच्या यवनांनी राजाविरुद्ध शस्त्र उचलले आणि ते हरले. शरद ऋतू संपता संपता शूशाहून राजाचा हुकूम आला. पार्सातले समुद्राकाठचे यवन, दगडकाम करणारे सोडून, बाया-पुरुष सगळे राज्याच्या पूर्व टोकाला, बाख्त्रिशला हलवायचे. टोपीवाल्या यवनांच्या राजाने मात्र माती आणि पाणी देऊन ताबेदारी पत्करली होती. त्यांच्या माणसांना हात लावायचा नव्हता. हुकूम घेऊन आलेल्या अधिकाऱ्याचे नाव रश्नुदात. माणूस वाईट नव्हता. सर्दीने बेजार होता आणि घाटात बर्फ पडायच्या आत त्याला काफिला बाहेर काढायचा होता. बाख्त्रिशची वाट तीन-चार महिन्यांची, आणि अर्धी वाट नुसत्या मिठाच्या वाळवंटातून.

विणकामघरात सात यवन बायका होत्या. त्यांतली मिर्ताले नावाची बाई वीस दिवसांची बाळंतीण होती. तिचा नवरा पिग्रे कर्का जमातीचा, मोठ्या जिन्याच्या पायऱ्या घडवणारा. तो यवन नव्हे आणि दगडाचा कारागीर, म्हणून तो पार्सातच राहणार. बायको आणि तान्ही मुलगी जाणार. वीस दिवसांचे मूल थंडीत त्या वाटेने नेले तर काय होते, हे पार्सातल्या कुणालाही समजावून सांगायला नको.

नपिराचे काम विणकामघरात बाळंतिणींना जादा बीअर आणि पीठ वाटण्याचे. मिर्तालेची मुलगी तिच्याच हातावर जन्मली होती. कोण जाणार ते ठरवणाऱ्या मोजणीच्या दिवशी सकाळी मी हुत्राराला बोलवायला गेलो तेव्हा दोघे चुलीपाशी होते.

"आज काय सांगणार तुम्ही?" नपिराने विचारले.

"जे आहे ते."

"मिर्तालेचं?"

"जे आहे ते म्हटलं ना."

"मग जे आहे ते मला सांगा की. ती आली तेव्हा दारात तुम्हीच होतात."

हुत्रारा जोड्याचा बंद बांधत होता. त्याने तो सोडला, परत बांधला. "दोन वर्षांपूर्वी आली. पातळ झगा, बाही खांद्यापासून कोपरापर्यंत बारीक बारीक गुंड्यांनी जोडलेली. समुद्राकाठची. पक्की." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "टोपीवाल्यांच्या बायका खांद्यावर मोठ्या टाचण्या लावतात. गुंड्या नाहीत."

"पाटीवर तसं कुठं लिहिलंय?"

"पाटीवर नाही. माझ्या डोक्यात आहे."

"मग डोकं घरी ठेवून जा एक दिवस!" ती म्हणाली. त्याच्यापुढचे दह्याचे वाडगे तिने उचलले आणि आत नेऊन ठेवले. तो उपाशीच निघाला.

नवखे कुणी वाचत असेल तर एक सांगायला हवे. आमच्याकडे खोटे बोलणे हे चोरीपेक्षा मोठे पाप. राजा स्वतः डोंगरावर कोरून ठेवतो की खोटेपणाने देश बुडतो. दुसऱ्या देशात माणूस गंमत म्हणूनही खोटे बोलतो म्हणे. पार्सात लहान पोरसुद्धा खोटे बोलताना सापडले तर आई रडायला लागते. आणि हुत्रारा तर त्या दिवसापर्यंत बाजारात भावावरूनही खोटे बोलला नव्हता.

विणकामघराचा कारकून तापाने पडला होता, म्हणून लिहायला मला बसवले. मी पाटीशाळेत मुलांना लिहायला शिकवत असे. माझा हात अजून चालता होता. अंगणात ऊन होते आणि वाराही. दोरीभोवती थापलेली ओली माती डाव्या हातात घेऊन मी बसलो. वाऱ्यात माती लवकर सुकते. एकदा लिहायला घेतले की थांबून चालत नाही. सुकलेल्या मातीवर शिक्का उठत नाही, आणि पाटी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

सात बायका ओळीत उभ्या होत्या. विणकामघराचा एकसारखा मळकट झगा सगळ्यांच्या अंगावर, डोक्याला फडके. त्यांची मुकादमीण अत्तुका हिने मिर्तालेला ओळीच्या अगदी शेवटी उभे केले होते. मुलगी तिच्या छातीशी कापडात बांधलेली. पिग्रे दाराबाहेर उभा होता. त्याला आत येऊ दिले नव्हते. त्याच्या केसांत दगडाची भुकटी होती आणि हातात हातोडा तसाच राहिला होता.

रश्नुदात हुशार माणूस. त्याने राजाच्या तबेल्यातून देर्दास नावाच्या मोतद्दाराला बोलावून आणले होते. देर्दास टोपीवाला यवन, त्याच्या राजाने घोड्यांबरोबर पाठवलेला. ती रुंद टोपी तो तबेल्यातही डोक्यावरून काढत नसे. "बायकांच्या डोक्यावर टोपी नाही," रश्नुदात नाक पुसत म्हणाला. "म्हणून टोपीच आणली आहे. जी टोपीवाली म्हणेल तिच्याशी हा बोलेल. हुत्रारा बघेल. मग शिक्का."

हे ऐकून अत्तुकाचा चेहरा उतरला. तिने मिर्तालेला काय शिकवून ठेवले होते ते मला तेव्हाच कळले.

पहिल्या पाच जणींना विचारायचीही गरज पडली नाही. एकेक पुढे आली आणि मान ताठ ठेवून आपल्या गावाचे नाव सांगू लागली. सगळी समुद्राकाठची गावे, त्यांतली दोन जळून गेलेली. क्लेआ नावाची एक तर देर्दासकडे बघून म्हणाली, "याच्या जातीची म्हणून इथं राहण्यापेक्षा मी चालत जाईन." देर्दासने टोपी मागे सरकवली आणि म्हणाला, "चाल, बाई. जोडे चांगले घाल." रश्नुदातला हसू आले आणि त्याबरोबर शिंकही. सहावी म्हातारी होती. तिने तोंड उघडताच देर्दास धावत जाऊन तिच्या पाया पडला. ती त्याच्याच डोंगरापलीकडची निघाली. मी लिहिले: टोपीवाली, एक.

माझ्या हातातली पाटी कडेने पांढरी पडू लागली होती.

मिर्ताले पुढे आली.

"कुठली?" रश्नुदातने विचारले.

"टोपीवाली," ती आमच्या भाषेत म्हणाली. तो एकच शब्द तिने पाठ केला होता, आणि तो तिच्या तोंडात नीट बसत नव्हता.

"विचार," रश्नुदात देर्दासला म्हणाला.

देर्दास तिच्याभोवती एक चक्कर मारून समोर उभा राहिला. त्याने त्यांच्या बोलीत काही विचारले. मिर्तालेने मुलीभोवतीचे कापड घट्ट केले. त्याने पुन्हा विचारले, जरा मोठ्याने. बाहेर पिग्रेच्या हातातला हातोडा दाराच्या दगडावर टेकला, तेवढाच आवाज अंगणात झाला. मग ती बोलली. चार-पाच शब्द, हळू, एका दमात. मला यवनांची भाषा येत नाही, पण लाम्पोनचे भांडण इतकी वर्षे ऐकल्यावर तो सूर कानाला ओळखीचा होता. तो समुद्राकाठचाच सूर होता.

देर्दास क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग डोके मागे टाकून एवढ्या मोठ्याने हसला की मूल दचकून रडू लागले.

"आमची!" तो म्हणाला. "आमची आहे, सरकार. नदीचं नाव विचारलं, बरोबर सांगितलं. वरच्या वाडीतली. बोली बिघडलीय जरा या समुद्रवाल्या बायकांत राहून, पण आमचीच."

"मग एवढं हसलास का?"

"घरची बाई भेटली. हसू नको तर काय, रडू?"

मागे उभ्या असलेल्या पाच जणींत कुजबूज झाली. एकही पुढे येऊन बोलली नाही. अत्तुका त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती, पण मला वाटते ती तिथे नसती तरी त्या बोलल्या नसत्या.

रश्नुदात हुत्राराकडे वळला. "तू सांग. ही आली तेव्हा दारात कोण होतं?"

"मी, सरकार."

"आठवतं?"

"आठवतं."

"तुला चेहरे आठवत नाहीत असं ऐकलंय."

"कपडे आठवतात."

"मग सांग. आणि सांगायच्या आधी एक लक्षात घे. मोतद्दार परका माणूस आहे, त्याला खरं-खोटं सारखंच. शिक्का तुझा आहे. खोट्या शिक्क्याचं काय होतं?"

"हात जातो, सरकार."

"कुठला?"

"शिक्का फिरवणारा."

पुढचा वेळ किती गेला ते मला सांगता येणार नाही. मातीवर मी अंगठ्याने ओल धरून ठेवत होतो एवढे आठवते. हुत्राराने मिर्तालेकडे बघितले नाही. तिच्या जोड्यांकडेही नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्याने कुणाचे जोडे बघितले नाहीत. त्याने मुलीकडे बघितले. मुलगी रडून रडून लाल झाली होती आणि तिच्या डोक्याला नपिराचे जुने फडके गुंडाळलेले होते.

"पाटी सुकतेय," मी म्हणालो. मी ते का म्हणालो, हे मला अजून कळलेले नाही.

"लिहा, गुरुजी," हुत्रारा म्हणाला. "टोपीवाली. मुलगी एक, तान्ही."

त्याचा आवाज रोजचाच होता. मी लिहिले. त्याने गळ्यातल्या दोरीतला शिक्का काढला आणि पाटीच्या कडेवर फिरवला. शिक्क्यावरचा धनुर्धारी आणि त्याच्यासमोरचा सिंह, दोघेही स्वच्छ उठले. रश्नुदातने वाकून तो ठसा बराच वेळ बघितला, जणू खोटे असते तर सिंहाच्या तोंडावर दिसले असते. मग "बरं," म्हणून नाक पुसले आणि तो पुढच्या अंगणात गेला.

पिग्रे आत आला तो हातोड्यासकट. त्याने बायकोला जवळ घेतले नाही. तिच्या पायाशी उकिडवा बसून राहिला. अत्तुका त्याच्यावर ओरडली, "ऊठ मेल्या, लोक बघतायत! पायऱ्या कोण घडवणार?"

देर्दासला मी नंतर विचारले, ती काय म्हणाली होती. तो म्हणाला, "म्हणाली, तुझी नदी मला ठाऊक नाही, माझी मुलगी वीस दिवसांची आहे."

"मग तू 'आमची' कसं म्हणालास?"

"गुरुजी, सात वर्षं ही समुद्रवाली माणसं मला मेंढरू म्हणतायत. आज एक जण माझी म्हणवून घ्यायला आली. मी नाही म्हणू?" तो पुन्हा हसला, पण या वेळी त्याचे डोळे भरलेले होते.

चौथ्या दिवशी काफिला निघाला. जायची काही गरज नसताना हुत्रारा वेशीवर गेला. मीही त्याच्याबरोबर होतो. विणकामघरातल्या पाच बायका चालत होत्या. क्लेआने चांगले जोडे घातले होते. हुत्रारापाशी आली तेव्हा ती थांबली आणि आमच्या भाषेत, मोडकेतोडके म्हणाली, "काका, तिच्यासाठी जमलं. आमच्यासाठी नाही?"

तिच्या बोलण्यात राग असता तर बरे झाले असते. तिने खरोखरीच विचारले होते. हुत्राराने तोंड उघडले. त्यांनी आपापली गावे स्वतःच सांगितली होती, असे तो म्हणू शकला असता, आणि ते खरेही होते. तो तिच्या जोड्यांकडे बघत राहिला. शिपायाने तिला पुढे ढकलले.

काफिल्याची धूळ खाली बसल्यावर तो तसाच कोठारात गेला. शिक्का काढून कोठाराच्या अधिकाऱ्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, नजर कमी झाली. हे त्याचे दुसरे खोटे. अधिकाऱ्याने दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले नाही. नजर कमी झालेला माणूस समोरच्या शिक्क्यावरचा ओरखडा बोटाने पुसत होता, हे त्यालाही दिसले असेल. परत आलेला शिक्का मोडून टाकायची पद्धत आहे, तसा तो मोडून टाकला. हुत्राराला तबेल्यात गवत वाटायचे काम मिळाले. धान्य निम्मे झाले. नपिरा कुरकुरली नाही. उलट त्या दिवसापासून दह्याचे वाडगे भरलेले असायचे, आणि तो मात्र अर्धे टाकून उठायचा.

त्या दिवसाबद्दल मी त्याला काही विचारले नाही. पाटी माझ्या हाताने लिहिलेली होती, त्यामुळे आम्हा दोघांना बोलायला फारसे काही उरले नव्हते. एकदा तबेल्यापाशी बसलो असताना तो आपण होऊन म्हणाला, "गुरुजी, मला वाटलं होतं खोटं बोललो की पोटात काहीतरी होईल. काही झालं नाही. क्लेआ बोलली तेव्हा झालं."

मिर्ताले पार्सातच राहिली. 'टोपीवाली' म्हणून तिचे नाव टोपीवाल्यांच्या यादीत, आणि त्यांच्या सणाला देर्दास तिला हटकून बोलवायचा. ती जायची, नाक मुरडायची आणि पोटभर जेवून यायची. लाम्पोन तिच्याशी वर्षभर बोलला नाही. मग तिच्या हातची मासळी खायला येऊ लागला.

हुत्रारा शेवटपर्यंत तबेल्यातच होता. मागच्या वसंतात, तो जायच्या महिनाभर आधी, मी त्याच्याजवळ बसलो होतो. कोठारातला नवा कारकून धावत आला. वेशीवर वीस-पंचवीस यवन आले होते. टोप्या होत्या, पण डोक्यावर नाहीत, दोरीने पाठीवर टाकलेल्या. नव्या ओळखणाऱ्याला काही सुचत नव्हते. "काका, तुम्हीच या ना. एकदा बघा फक्त. टोपीवाले म्हणायचे की समुद्रापलीकडचे?"

हुत्रारा गवताची पेंढी सोडत होता. त्याने मान वर केली नाही.

"चालत आलेत का?"

"हो."

"मग आधी पाणी दे त्यांना."

"पाणी देतो. पण लिहू काय?"

"त्यांनाच विचार."

"विचारलं! प्रत्येक जण आपापल्या गावाचं नाव सांगतोय."

"मग ते लिही."

"पाटीवर एवढी जागा नाही, काका," कारकून वैतागून म्हणाला.

"माती ओली कर, मोठी थाप," हुत्रारा म्हणाला आणि पेंढी घोड्यापुढे टाकली.